मिडवाइफ व्हायचंय? मग वाट पारखून घ्या

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बारावीचा निकाल लागून आठ दिवस होत नाहीत, तोच घराघरांत एक प्रश्न उभा राहतो : पुढे काय? ज्या घरातली मुलगी ‘मला नर्सिंग करायचंय’ म्हणते, तिथे निदान दिशा तरी ठरलेली असते. पण एखादी मुलगी म्हणते, ‘मला बाळंतपणाचं काम शिकायचंय, मिडवाइफ व्हायचंय.’ मग आईवडील गोंधळतात, कारण प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत त्या नावाचा अभ्यासक्रम त्यांना सापडत नाही. शेजारपाजारी विचारावं, तर कुणी म्हणतं ए.एन.एम. कर, कुणी म्हणतं जी.एन.एम. बरं, कुणी म्हणतं पदवीच घे. एखादी आजी तर कपाळाला हात लावते, ‘अगं, एवढं शिकून सुईण होणार का?’

परिचर्येच्या शाळेत मी बरीच वर्षं पाठ्यनिर्देशिका म्हणून काम केलं. त्यातली बहुतेक प्रसूतीशास्त्र शिकवण्यात गेली. हा गोंधळ घेऊन आलेल्या मुली आणि त्यांचे पालक मी पुष्कळ पाहिले. त्यांना समोर बसवून जे सांगत आले, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

सुईण, दाई आणि मिडवाइफ

आधी आजीबाईंच्या शंकेचं निरसन करू. आपल्याकडे गावोगावी सुईण असे. कुठे तिला दाई म्हणत. तिचं ज्ञान सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे आलेलं. तिच्याकडे धीर होता, माया होती, रात्री-अपरात्री धावून जाण्याची तयारी होती. पण रक्तस्राव थांबेना किंवा बाळंतिणीला झटके येऊ लागले, की तिचे हात बांधलेले असत. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या दायांना आणि आरोग्यदूतांना सोबत घेऊन काम केलं आणि रीतसर शिकवलं तर गावातली बाई किती जीव वाचवू शकते ते दाखवून दिलं. तेव्हा सुईणीला हिणवण्याचं काही कारण नाही. मात्र आज आपण ज्या मिडवाइफबद्दल बोलतो आहोत, ती शिकलेली, परीक्षा दिलेली आणि शासनाच्या परिषदेकडे नाव नोंदवलेली व्यावसायिक असते. सरकारी मराठीत तिला ‘प्रसाविका’ म्हणतात. बोलण्यात तो शब्द फारसा रुळला नाही, म्हणून मीही मिडवाइफच म्हणते.

तिचं काम नेमकं काय? दिवस राहिल्यापासून बाळ दीड महिन्याचं होईपर्यंत त्या बाईची आणि बाळाची काळजी घेणं. पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठे, पाठ कुठे हे ओळखणं. ठोके ऐकणं. रक्तदाब, लघवी, हिमोग्लोबिन तपासणं. कळा सुरू झाल्या की जवळ बसणं, तिला चालतं-फिरतं ठेवणं, पाणी पाजणं, बाळंतपण पुढे सरकतंय की अडलंय याची नोंद कागदावर ठेवणं. बाळ बाहेर आलं की ते रडतंय ना, श्वास घेतंय ना हे पाहणं. नाळ घाईनं न कापता निदान मिनिटभर थांबणं, बाळ आईच्या उघड्या छातीवर देणं, पहिल्या तासात अंगावर पाजायला लावणं. वार पडल्यावर गर्भाशय घट्ट होतंय ना, यावर हात ठेवून लक्ष देणं.

आणि या सगळ्याहून कठीण गोष्ट म्हणजे नैसर्गिक बाळंतपण कधी नैसर्गिक राहिलेलं नाही हे वेळेवर ओळखणं. डॉक्टरांना हाक कधी मारायची, गाडी कधी बोलवायची आणि गाडी येईपर्यंत काय करायचं, हे तिला माहीत असावं लागतं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव तासाभरात बाईचा जीव घेऊ शकतो. त्या वेळी गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, शिरेतून सलाइन सुरू करणं या गोष्टी पुस्तकात पाहून करायला सवड नसते. ते हाताला आलेलं असावं लागतं. आजच्या सगळ्या भाषणाचा धागा हाच आहे. अभ्यासक्रम निवडताना त्याचं नाव, फी आणि वर्षं यांच्यासोबत हे काम तुमच्या हाताला कुठे येणार आहे, ते पाहा.

थेट दार का नाही?

इंग्लंडमध्ये बारावीच्या तोडीचं शिक्षण झालेली मुलगी थेट मिडवाइफरीच्या पदवीला जाऊ शकते, आधी परिचारिका व्हावं लागत नाही. तो अभ्यासक्रम साधारण तीन वर्षांचा असतो. नेदरलँड्समध्ये चार वर्षं लागतात. मिडवाइफच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं दोन वाटा मान्य केल्या आहेत. थेट प्रवेश असेल तर किमान तीन वर्षं आणि आधी परिचारिका असेल तर त्यावर किमान अठरा महिने. आपल्याकडे थेट दार नाही. परिचर्येच्या घरातूनच मिडवाइफरीच्या खोलीत जावं लागतं.

याला इतिहास आहे. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांनी सेवासदन उभं केलं. तिथे विधवा आणि परित्यक्ता बायकांना परिचारिकेचं आणि सुईणकामाचं शिक्षण मिळू लागलं. ज्या काळात उच्चवर्णीय घरांतली बाई परक्याच्या बाळंतिणीला हात लावणं अब्रूला धक्का मानत, त्या काळातली ही गोष्ट आहे. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात ए.एन.एम. म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविका हा अभ्यासक्रम आला. दोन वर्षांचा आणि बराचसा भर बाळंतपणावर. गावातल्या बाईला शिकलेल्या हाताखाली बाळंत होता यावं, हा त्यामागचा हेतू.

पुढे १९७३ साली कर्तारसिंग समितीनं ए.एन.एम.ला बहुउद्देशीय आरोग्य सेविका करण्याची शिफारस केली. लसीकरण, कुटुंबनियोजन, हिवताप, सर्वेक्षण, नोंदवह्या असं सगळं तिच्या डोक्यावर आलं. १९७७ च्या सुमारास तिचं शिक्षणही दोन वर्षांवरून दीड वर्षावर आलं. कामं वाढली आणि शिकण्याचा काळ घटला. त्यात मागे पडलं ते बाळंतपण. अनेक आरोग्य सेविका वर्षानुवर्षं गावात राहिल्या, पण स्वतःच्या हातानं केलेली बाळंतपणं त्यांना बोटांवर मोजता यायची. आता हा अभ्यासक्रम पुन्हा दोन वर्षांचा झाला आहे. तरीही ए.एन.एम.च्या नावात ‘मिडवाइफ’ आहे म्हणून रोज बाळंतपणंच करायला मिळतील, असं समजून कुणी तिथे जाऊ नये. हा इतिहास सांगितला तो एवढ्यासाठीच.

तीन दारं

आता एकेक दार पाहू.

पहिलं ए.एन.एम.चं. बारावी झालेल्या मुलींसाठी, कला शाखेच्या मुलींनाही खुलं. वयाची अट साधारण सतरा ते पस्तीस. म्हणजे लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या, लेकरं शाळेत जाऊ लागल्यावर पुन्हा उभं राहू पाहणाऱ्या बायकांनाही इथे जागा आहे. दोन वर्षांतले शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष कामाचे असतात. पुढची नोकरी बहुधा उपकेंद्रातली. मैदानी भागात पाच हजार आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. तुम्हाला गावात राहायचं असेल, घरोघर फिरायला आवडत असेल, गरोदर बाईला पहिल्या तिमाहीत गाठून शेवटपर्यंत तिच्या मागे राहायचं असेल, तर हे काम मोलाचं आहे. नोकरीत आल्यावर ‘कुशल प्रसूती परिचर’ हे एकवीस दिवसांचं प्रशिक्षणही शासन देतं. मात्र या दारानं गेलात तर पुढच्या पायऱ्या चढायला वेळ लागतो. ए.एन.एम. झालेल्या मुलीला जी.एन.एम.ला प्रवेश घेता येतो, पण ती तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. घरची परिस्थिती लवकर मिळवती हो म्हणत असेल तर ए.एन.एम. घ्या, त्यात कमीपणा नाही. मात्र हे गणित माहीत करून घ्या.

दुसरं दार जी.एन.एम.चं. पूर्वी हा अभ्यासक्रम साडेतीन वर्षांचा होता, आता तीन वर्षांचा आहे. बारावीला इंग्रजी आणि किमान चाळीस टक्के गुण लागतात. विज्ञान शाखा असेल तर बरं, पण तिचं बंधन नाही. यातून बाहेर पडलेल्या मुलीची नोंद परिचारिका आणि मिडवाइफ अशी दोन्ही होते. या मुली रुग्णालयातल्या वॉर्डांत वाढतात. सरकारी रुग्णालयाला जोडलेल्या शाळेत जागा मिळाली तर फी अगदी कमी असते, वसतिगृह असतं, थोडंफार विद्यावेतनही मिळतं. म्हणून तिथे चुरसही मोठी. पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी घेता येते. माझ्या पाहण्यातल्या लेबर रूममधल्या उत्तम सिस्टरपैकी कितीतरी जणी जी.एन.एम. झालेल्या आहेत.

तिसरं दार चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगचं. इथे बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, खुल्या वर्गाला पंचेचाळीस टक्के. राखीव प्रवर्गांना सवलत आहे. आपल्या राज्यात ही पदवी नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ देतं. प्रवेश परीक्षेचे नियम गेल्या काही वर्षांत एकदा नव्हे अनेकदा बदलले आहेत, तेव्हा ताईच्या वेळी काय होतं यावर विसंबू नका. त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. पदवीनंतर प्रसूती व स्त्रीरोग परिचर्या या विषयात दोन वर्षांचं एम.एस्सी. करता येतं, शिक्षिका होता येतं. वरचे सगळे रस्ते या दारातून मोकळे राहतात. पण एक सांगते. पदवीच्या चार वर्षांत मिडवाइफरी हा एक विषय असतो, संपूर्ण अभ्यासक्रम नव्हे. शस्त्रक्रिया, मानसिक आरोग्य, बालरोग, सामुदायिक आरोग्य हे सगळं शिकावंच लागतं.

मग निवडायचं कसं? मी मुलींना तीन प्रश्न विचारत असे. विज्ञान शाखा आहे का? घरचे चार वर्षं थांबू शकतात का? आणि तुला काम गावात करायचंय की रुग्णालयात? पहिल्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘हो’ असेल, तर बी.एस्सी.चा विचार आधी करावा. विज्ञान नसेल किंवा सरकारी शाळेत कमी खर्चात जागा मिळत असेल, तर जी.एन.एम. फार चांगलं. घरी लवकर पगार हवा असेल किंवा गावातच राहायचं असेल, तर ए.एन.एम. खासगी संस्थेत मोठं कर्ज काढून पदवी घेण्यापेक्षा सरकारी शाळेतलं जी.एन.एम. पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं, हे पालकांनी ध्यानात ठेवावं.

पुढची पायरी

ज्यांना खरोखर फक्त मिडवाइफरीच करायची आहे, त्यांच्यासाठी अलीकडे एक नवी पायरी तयार झाली आहे. २०१८ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारनं मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ असं नवं पद आहे. आधी जी.एन.एम. किंवा बी.एस्सी., नंतर लेबर रूममधला अनुभव आणि त्यावर अठरा महिन्यांचं शिक्षण. मघाशी आंतरराष्ट्रीय महासंघाच्या अठरा महिन्यांचा उल्लेख केला, तो निकष इथे पाळलेला दिसतो. अशी मिडवाइफ मोठ्या रुग्णालयांतल्या मिडवाइफच्या देखरेखीखालील प्रसूती विभागात काम करील, गुंतागुंत नसलेली बाळंतपणं ती स्वतः सांभाळील आणि गरज पडताच शेजारच्या डॉक्टरांकडे सोपवील, अशी कल्पना आहे. या आधी हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयानं २०११ पासून मिडवाइफ घडवायला सुरुवात केली होती आणि २०१७ साली तेलंगण सरकारनं करीमनगरला असंच अठरा महिन्यांचं प्रशिक्षण सुरू केलं.

एवढा खटाटोप कशासाठी? तर २०१८ ते २०२० या काळातल्या नमुना नोंदणी पाहणीनुसार भारतात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचे मृत्यू होत होते. महाराष्ट्रात हा आकडा ३३ होता. पूर्वीच्या मानानं ही मोठी सुधारणा आहे. दुसऱ्या बाजूला, २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसली आणि चारांतलं एक सिझेरियननं. देशभरातल्या खासगी रुग्णालयांत तर हे प्रमाण जवळपास निम्म्यावर गेलं होतं. म्हणजे बायका दवाखान्यात पोहोचल्या. आता तिथे कळा देणाऱ्या बाईजवळ थांबणारं, तिला धीर देणारं आणि विनाकारण घाई न करणारं शिकलेलं माणूस हवं आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक मिडवाइफरी अहवालानं साऱ्या जगात नऊ लाख मिडवाइफ कमी असल्याचं म्हटलं होतं. काम नाही मिळालं तर, ही भीती या पेशात तरी धरू नये.

मात्र नव्या अभ्यासक्रमाच्या जागा मर्यादित आहेत आणि सुरुवातीला निवड प्रामुख्यानं सरकारी सेवेतल्या परिचारिकांमधून होत आली आहे. तेव्हा बारावीनंतर लगेच ‘मला तोच कोर्स द्या’ असं म्हणून चालणार नाही. २०२३ साली संसदेनं राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा केला. त्यानं १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घ्यायची आहे. त्यात परिचर्या आणि मिडवाइफरी या दोन व्यवसायांचा उल्लेख वेगवेगळा केला आहे, ही माझ्या दृष्टीनं चांगली खूण. म्हणून तुम्ही ज्या वर्षी प्रवेश घ्याल, त्या वर्षी मान्यता देण्याचा अधिकार कुणाकडे आहे, ते विचारून घ्या.

संस्था कशी पारखाल?

आता सर्वांत महत्त्वाचं. इथे मुली फसतात.

एक मुलगी माझ्याकडे आली होती. हातात रंगीत, सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र. एका तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत चालणाऱ्या संस्थेतून तिनं वर्षभराचा ‘नर्सिंग डिप्लोमा’ केला होता. फीसाठी आईनं बांगड्या गहाण टाकल्या होत्या. तिला परिषदेकडे नाव नोंदवायचं होतं. ‘बाई, अर्ज कुठे भरायचा?’ एवढंच तिनं विचारलं. त्या कागदावर कुठलीच नोंदणी होणार नव्हती. मान्यता नसलेल्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर परिचारिका म्हणून कायद्यानं काम करता येत नाही. ती मुलगी हुशार होती, पुढच्या वर्षी तिनं ए.एन.एम.ला प्रवेश मिळवला. पण वर्ष गेलं ते गेलं आणि बांगड्या सुटायला आणखी दोन वर्षं लागली.

म्हणून पहिला प्रश्न मान्यतेचा. संस्थेचं नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का? जी.एन.एम. किंवा ए.एन.एम. असेल तर परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं का? बी.एस्सी. असेल तर विद्यापीठाची संलग्नता चालू वर्षाची आहे का? ‘मान्यता येणारच आहे’ असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून बाहेर पडा. सहा महिन्यांचे, वर्षाचे रुग्णसहायक म्हणून तयार करणारे अभ्यासक्रमही असतात. त्यांना त्यांची जागा आहे, पण त्यातून मिडवाइफ होता येत नाही.

दुसरा प्रश्न प्रसूतीकक्षाचा. संस्थेची इमारत, संगणक कक्ष, गणवेश हे सगळं दाखवतात. तुम्ही विचारा, ‘मुलींना बाळंतपणं शिकायला कुठे पाठवता? त्या रुग्णालयात महिन्याला किती बाळंतपणं होतात? आणि तिथे एकाच वेळी किती संस्थांच्या मुली येतात?’ हा शेवटचा प्रश्न विसरू नका. महिन्याला शंभर बाळंतपणं होणाऱ्या ठिकाणी चार कॉलेजांच्या मुली उभ्या असतील, तर तुमची लेक भिंतीला टेकून पाहतच राहील.

तिसरा प्रश्न नोंदवहीचा. स्वतःच्या हातानं किती बाळंतपणं करायची, किती गरोदर बायका तपासायच्या, हे अभ्यासक्रमात लिहिलेलं असतं. ते मागून घ्या आणि मग शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींना फाटकाबाहेर गाठून विचारा, ‘तुमची किती झाली?’ युरोपीय संघाच्या २००५ सालच्या नियमांत मिडवाइफच्या विद्यार्थिनीनं किमान चाळीस बाळंतपणं स्वतः करायची आणि गरोदर बायकांच्या किमान शंभर तपासण्या करायच्या, असं आहे. आपल्या नोंदवहीतले आकडे भरलेले असणं आणि ते हातानं भरलेले असणं यात फरक असतो. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकमेकींच्या वह्या पाहून मजकूर भरला जातो, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. त्यात मुलींपेक्षा व्यवस्थेचा दोष मोठा. पण नुकसान शेवटी मुलीचं आणि तिच्या पुढ्यात येणाऱ्या बाळंतिणीचं.

चौथा प्रश्न शिकवणाऱ्यांचा. प्रसूतीशास्त्र शिकवणारी शिक्षिका मुलींसोबत लेबर रूममध्ये उभी राहते का? की मुलींना तिथल्या सिस्टरच्या भरवशावर सोडून ती तास घ्यायला परत जाते? हात कसा ठेवायचा, बाळाचं डोकं येताना घाई कशी करायची नाही, हे फळ्यावर शिकवता येत नाही.

आणि तुम्ही स्वतः?

हे काम सगळ्यांना झेपत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. बाळं वेळ पाहून येत नाहीत. रात्रपाळ्या, सणावारी ड्युटी, आठ-आठ तास उभं राहणं हे रोजचं. रक्त, घाण, ओरडणं यांची सवय होते. पण कळा देणाऱ्या बाईच्या अंगावर खेकसायची सवय मात्र होऊ देऊ नये. आपल्या लेबर रूममध्ये ती दुर्दैवानं ऐकू येते. कधी तरी मेलेलं मूल जन्माला येतं आणि त्या आईजवळ काही न बोलता बसावं लागतं. ज्या मुलीला हे ऐकूनही जावंसं वाटतं, तिनं जरूर जावं.

शिक्षण संपलं म्हणून शिकणं संपत नाही. एक उदाहरण देते. कळा सुरू झाल्यावर गर्भाशयाचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडायला हवं, असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की ही गती सगळ्या बायकांना लागू पडत नाही, आई आणि बाळ ठीक असतील तर केवळ त्यावरून घाई करू नका. २०२० मध्ये प्रसूतीच्या नोंदीसाठी नवा तक्ताही आला. ज्या सिस्टर वाचत राहिल्या त्यांनी हात बदलले, बाकीच्या जुन्याच चालीनं चालत राहिल्या.

परदेशी जाण्याचं स्वप्न अनेक घरांत असतं. त्याबद्दल एवढंच सांगते की इंग्लंडमध्ये परिचारिका आणि मिडवाइफ यांची नोंद वेगवेगळी होते. इथलं शिक्षण घेऊन गेलेल्या मुली तिथे बहुतेक परिचारिका म्हणूनच काम करतात. मिडवाइफ म्हणूनच तिथे उभं राहायचं असेल तर पुढे आणखी शिकण्याची तयारी ठेवावी लागेल. एजंटच्या जाहिरातीत हे लिहिलेलं नसतं.

तेव्हा मुलींनो, अर्ज भरण्याआधी एक काम करा. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या प्रसूती विभागाच्या सिस्टरना वेळ मागून भेटा. त्यांची पाळी संपल्यावर दहा मिनिटं बोला. त्या कुठे शिकल्या, पहिलं बाळंतपण त्यांनी कितव्या महिन्यात हाती घेतलं, आज पुन्हा निवडायचं झालं तर कुठल्या शाळेत जातील, हे विचारा. आणि पालकहो, लेक जेव्हा विचारायला जाईल तेव्हा तिच्यासोबत जा, पण प्रश्न तिला विचारू द्या. उद्या एखाद्या अडलेल्या बाईच्या उशाशी उभं राहून तिला मोठ्या डॉक्टरांनाही ‘सर, आता थांबून चालणार नाही, लवकर या’ असं ठणकावून सांगायचं आहे. बोलायची सवय आजपासूनच लागलेली बरी.